माकडांचा रातथारा (रात्री झोपण्याची जागा) शोधताना दुपारच्या तापमानावर विसंबू नका

दुपारी निवाऱ्याची आणि उबदार भासणारी दरीच्या तळाची झाडे सोडून माकडांची टोळी हिवाळ्यात निम्म्या उतारावर का झोपते, आपल्या नोंदी चुकल्या आहेत का, असे तुम्ही विचारले आहे. नोंदी बरोबर असाव्यात. त्यांची वेळ चुकली आहे. याच चुकीपायी माझा एक अख्खा हिवाळा वाया गेला.

ज्या कार्यालयाच्या परवानगीने मी काम करत होतो, त्याने सूर्यास्तानंतर थांबण्यास मनाई केली होती. मुक्कामाचा अर्ज तीनदा ‘माकडे रात्री झोपलेली असतात, मग पाहणार काय?’ अशा शेऱ्यासह परत आला. तरीही सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही, कारण स्वयंचलित तापमापक रात्रभर झाडाला टांगून ठेवणे मला शक्य होते आणि मी मात्र दुपारच्या आकड्यांवरून रात्रीचा अंदाज बांधत बसलो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारावरची जमीन उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खाली ओघळते आणि तळाशी साचते. पहाटेच्या प्रवेशाची सवलत मिळाली त्या पहिल्याच दिवशी तळाचे गवत हिमकणांनी पांढरे आणि ताठ झालेले दिसले. थोडे वर चढताच तेच गवत नुसते दंवाने ओले होते. त्याहून वर, पूर्वेकडच्या उतारावर, पाच-सहा माकडे पिल्लांना मधोमध घेऊन एकमेकांना बिलगली होती आणि ऊन अंगावर येईपर्यंत त्यांतले एकही हलले नाही.

माझ्या मते झाडाची जात आधी ठरवून शोध घेणे व्यर्थ आहे. जपानमधील शिगा डोंगराळ भागातली माकडे हिम पडत नसलेल्या रात्री सूचिपर्णी झाडांवर झोपताना आढळली, तर हिमवृष्टीच्या रात्री पानझडी झाडांवर. फांद्यांवरून कोसळणारे हिमाचे लगदे टाळण्यासाठी ती असे करत असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. (जपानमधल्याच जिगोकुदानी येथे माकडे ज्यांत डुंबतात त्या गरम पाण्याच्या कुंडांचा दाखला कृपया कोणी देऊ नये, ती माकडे संध्याकाळी जंगलात परततात.)

अर्थात, मी एकाच टोळीमागे हिंडलेला माणूस आहे, आणि थंडी हे एकमेव कारण नसते: इथिओपियाच्या उंच पठारावरचे गेलाडा (गवत खाणारी मोठी माकडे) रात्री कड्यांच्या कपारींत उतरतात, ते मुख्यतः शिकारी प्राण्यांच्या भीतीने. म्हणून तळ, मध्य आणि माथा अशा तिन्ही ठिकाणी तापमापक लावा, वाऱ्याची आणि आभाळाची नोंद ठेवा. रात्री थांबता येत नसेल, तर सकाळी कोणत्या झाडांखाली ताजी विष्ठा साचली आहे ते पाहा. त्यासाठी परवानगी लागत नाही, निदान मला तरी लागली नाही.