घरचेच म्हणतात, ‘तुला झेपणार नाही’

‘मॅडम, अभ्यास होतो. पण कुणी काही बोललं की दोन दिवस पुस्तक हातात धरवत नाही. सगळेच म्हणतात म्हणजे माझंच चुकत असेल का?’

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच मुलं येतात. त्यातल्या एकीची हकिकत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मुलगी बार्शीकडची, पुण्यात कॉट बेसिसवर राहून सीए इंटर, म्हणजे सीएच्या परीक्षांचा मधला टप्पा, करणारी. वडिलांचं किराणा दुकान. या परीक्षेत तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. पहिल्या ग्रुपचे दोन अटेम्प्ट गेलेले. दुसऱ्या वेळी अकाउंट्स ५२, लॉ ४४, टॅक्स ५०. प्रत्येक पेपरात ४० मिळाले तरी तीन पेपरांची बेरीज १५० व्हावी लागते. हिची १४६ झाली. बाहेरच्या माणसाला यातलं ‘नापास’ तेवढं ऐकू येतं. काका म्हणाले, ‘बीकॉम झालीस ना, बँकेची परीक्षा दे. सीए काय सगळ्यांच्या नशिबात असतं?’ मावशी स्थळं सुचवू लागली. वडील मात्र काहीच बोलेनात, आणि तिला तेच जास्त लागलं होतं.

‘मी सगळ्यांना दाखवून देणार,’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. या वाक्याची मला काळजी वाटते. दाखवून द्यायचं ठरवलं की अभ्यासाच्या टेबलावर काका येऊन बसतात. कंपनी कायद्याचं कलम वाचताना डोक्यात त्यांना द्यायचं उत्तर घोळत राहतं.

मी तिला दोन्ही निकाल समोर ठेवायला सांगितले. आधीच्या वेळची बेरीज ११४ होती, म्हणजे ३२ मार्क वाढले होते. तिने हे कधी मोजलंच नव्हतं. दोन्ही निकाल ‘फेल’ म्हणून मिटून ठेवले होते. ‘मला हे जमेल’ हा विश्वास कशातून येतो, याची मांडणी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली केली. लोकांचं बोलणं हा त्यातला एक उगम आहेच, पण सगळ्यात भक्कम उगम म्हणजे आपण स्वतः करून पाहिलेलं. तिच्याजवळ लोकांचं बोलणं ढीगभर होतं आणि स्वतःची नोंद काहीच नव्हती.

मग तिने लॉच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. पहिल्या प्रश्नांना पानंच्या पानं आणि शेवटचा प्रश्न अर्धवट. वाचन भरपूर झालं होतं, वेळ लावून लिहिणं जवळपास नव्हतंच. आम्ही एवढंच ठरवलं: रोज सकाळी घड्याळ लावून एक उत्तर हाताने लिहायचं आणि वहीत तारीख, प्रश्न, लागलेली मिनिटं टिपायची. कुणी टोचून बोललं तर त्या दिवशीही आधी ते एक उत्तर. रडायचं असेल तर त्यानंतर.

वडिलांना मी भेटायला बोलावलं. ते म्हणाले, ‘ती सीए होऊ नये असं मी कुठं म्हणतोय? धाकट्याचं शिक्षण आहे, दुकानाची उधारी आहे. किती दिवस, एवढं कुणीतरी सांगा.’

शंका घेणारे सगळे एका मापाचे नसतात, हे मला इथे ठासून सांगावंसं वाटतं. काकांना उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. वडिलांचा पैसा आणि झोप दोन्ही यात गुंतलेलं; त्यांच्या शंकेला उत्तर देणं लागत होतं. ‘बाबा, विश्वास ठेवा’ हे काही उत्तर नव्हे. तिने एक पान लिहिलं: आणखी दोन अटेम्प्ट, महिन्याचा खर्च, अर्धा दिवस एका ऑफिसात जीएसटी रिटर्नचं काम. दोन्ही अटेम्प्ट गेले तर पूर्णवेळ नोकरी आणि अभ्यास बाजूने. कुठे थांबायचं हे शांत डोक्याने आधीच ठरलेलं असलं की निकालाच्या दिवशी ते काकांना ठरवता येत नाही. वडिलांनी पान दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

पुढच्या वेळी ग्रुप निघाला. नसता निघाला तरी त्या पानावर पुढची ओळ लिहिलेली होती.

आता दुसरा ग्रुप चालू आहे. काका घरगुती कार्यात अजून विचारतात, ‘अजून किती?’ ती परीक्षेचा महिना सांगते आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते.