दुसऱ्या फेरीची सोबत

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशी गावातून फेरी, शाळेसमोर पथनाट्य, मारुतीच्या पारावर बॅनर, असं तुझ्या मंडळाने ठरवलं आहे. आणि मध्येच एका ओळीत तू तुझ्या वर्गमित्राचं लिहिलंस आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळलास. त्यावर आपण समोरासमोर बसून बोलू. पत्रात नको.

फेरी जरूर काढा. पण त्याआधी एकदा गाडीला किक मार, जिल्ह्याला जा आणि सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार ओपीडीच्या दारापर्यंत जाऊन ये. केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, डॉक्टर कोणत्या वारी बसतात, किती वाजता उठतात, गोळ्या कुठे मिळतात, सगळं वहीत लिहून आण. हे का सांगते ते ऐक.

पारोळा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेविका होते तेव्हाची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस. एक बाई दोन महिन्यांत पाच वेळा आली. कधी डोकं, कधी कंबर, कधी छातीत धडधड. मी बीपी बघायचे, गोळ्या द्यायचे, पाठवून द्यायचे. सहाव्यांदा आली तेव्हा केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. सहज विचारलं, झोप लागते का गं? म्हणाली, "झोप कसानी ताई, रातभर घरना पत्रा मोजस." बोंडांनी बोटांवर ओरखडे काढलेले होते. दुसऱ्या हाताने ते चोळत ती अर्धा तास बोलत राहिली. वर्ष झालं, तिला कशातच गोडी वाटत नव्हती. पण भाकरी थापायची, पोरांचे डबे भरायची, शेतात जायची, त्यामुळे घरात कुणाला काही वाटलंच नाही.

मी तिला जिल्ह्याला जायला सांगितलं. वार मात्र अंदाजाने सांगितला. ती मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून गेली आणि त्या दिवशी मानसोपचाराची ओपीडीच नव्हती. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. रस्त्यात दिसले की पदर पुढे ओढून वळायची. वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाने एकदाच तोंड उघडलं आणि मी त्याला बंद दारावर पाठवलं. तो वार मी आधी विचारून ठेवला असता तर, हे आजही मनात येतं.

म्हणून म्हणते, तुझ्या फेरीनंतर कुणीतरी हळूच बाजूला येऊन "पण जायचं कुठे?" असं विचारेल. त्या एका प्रश्नाची तयारी आधी कर. विचारणारे थोडे नसतील. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्यात साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी कसला ना कसला मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. तुझ्या गावात दोन हजार प्रौढ धरले तर हिशेब तूच कर.

फेरीत "मानसिक आजार" हे शब्द मोठ्याने म्हणू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच लावतात आणि मग सोयरीक जुळायची नाही म्हणून घरचे दडवतात. झोपेबद्दल बोला, भुकेबद्दल बोला, जीव घाबरतो का विचारा. आशाताईकडचा सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी तब्येत विचारायची प्रश्नावली, बघ. बीपी-शुगरच्या प्रश्नांबरोबर त्यात दोन साधे प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का, आणि मन उदास, निराश असतं का. बऱ्याचदा घाईत त्यावर नुसती टिक होते. तेच दोन प्रश्न खाटेवर टेकून, चहा घेत विचारले की उत्तरं वेगळी येतात. उत्तर होकारार्थी आलं तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्यायचं. तिथून पुढची चिठ्ठी मिळते.

रात्री-बेरात्रीसाठी 14416 हा नंबर पाठ करून घे. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. बॅनरवर पुढाऱ्यांच्या फोटोंऐवजी हा नंबर मोठा छापा. आणि छापण्याआधी स्वतः लावून बघ, पलीकडून काय विचारतात ते तुला माहीत असलं पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या दिवशी येतं, तेही विचारून ठेव. बायांना जिल्ह्यापेक्षा तालुका सोपा पडतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दवाखान्याच्या पहिल्या फेरीला लोक जातात. घरचे नेतात, शेजारी नेतात, भीतीपोटी का होईना जातात. गाडी अडते ती दुसऱ्या फेरीला. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्रास मात्र आधी सुरू होतो: मळमळतं, तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. म्हणजे पहिल्या पंधरा दिवसांत माणसाला वाटतं, गोळीने बिघडलंच. त्यात कुणीतरी म्हणतं, याची सवय लागेल, सोड. उदासीवरच्या या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या. हे कुणीतरी दहाव्या दिवशी घरी जाऊन सांगायला हवं. तिथे तू हवास. पुढे दुसऱ्या एका मुलीबरोबर मी दुसऱ्या फेरीलाही गेले. तिसऱ्या खेपेला स्टँडवर ती म्हणाली, "ताई, आते मी एकली जासू." एवढंच.

हे कामही शिकता येतं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात आत्मीयता नावाच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि पुढे जोडून द्यायला शिकवलं गेलं.

भगताशी भांडत बसू नकोस. लोक आधी त्याच्याकडेच जातात. अंगारा लावा, पण दवाखान्यातही पाठवा, असं मी आमच्या भगताला सांगितलं होतं, आणि त्याने पाठवलेही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं मात्र खपवून घ्यायचं नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

पारावर पुरुष काय बोलतात ते मला कधी कळलं नाही, बाई आली की गप्प व्हायचे. तू तिथे बसू शकतोस. वादळात केळीची बाग आडवी झाल्यावर, कापूस घरात पडून असताना, सोसायटीच्या कर्जाची नोटीस आल्यावर, जो गडी एकदम कमी बोलायला लागतो किंवा उगाच सगळ्यांचे हिशेब चुकते करत सुटतो, त्याच्याजवळ जा. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट छातीवरचं ओझं उतरतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नको, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलव आणि त्याच रात्री 14416 लाव. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या धाकाने लोक त्याला दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांग, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर आहे.

बायांसाठी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट बघ. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि दोर धरून उभ्या असताना जे बोलतात ते वर्षभर कुठे बोलत नाहीत. तेव्हा तू लांबच राहा. आशाताई आणि तुझ्या बहिणीला तिथे बसू दे.

रविवारी दुपारी ये. आशाताईला बरोबर आण, ती वही आण. कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवते. जेवण झालं की तुझ्या मित्राबद्दल बोलू, मला घाई नाही.

तुझी,
ताई