निसेकोबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का? स्की न येणाऱ्या कुटुंबाने जानेवारीत जावं का?

तुम्ही लिहिलंय की निसेकोचे (जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरचं स्कीचं ठिकाण) रिव्ह्यू वाचून गोंधळ उडालाय, एक जण म्हणतो असा बर्फ जगात नाही, दुसरा म्हणतो नुसती लूट आहे, आणि तुम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी, कुणालाच स्की येत नाही, तर जानेवारीत जावं का. मी टोकियोत राहते, हिवाळ्यात आमच्या ग्रुपचं होक्काइडोला जाणं होतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. माझं स्पष्ट मत, पहिलीच वेळ असेल तर जानेवारीत निसेकोला जाऊ नका. तिथे ज्या गोष्टीचे पैसे पडतात ती गोष्ट तुम्हाला अजून वापरताच येणार नाही.

ती गोष्ट म्हणजे तिथला बर्फ. सैबेरियाकडून हाडं गोठवणारा कोरडा वारा सुटतो, तो जपानच्या समुद्रावरून येतो, समुद्राचं पाणी त्या मानाने कोमट असल्यामुळे वाटेत भरपूर वाफ उचलतो, आणि किनाऱ्यालगतचे निसेकोचे डोंगर आडवे आले की सगळं तिथेच ओतून मोकळा होतो, आपल्याकडे सह्याद्री पावसाचे ढग अडवतो तसंच. हंगामात साधारण १५ मीटर बर्फ पडतो म्हणतात आणि जानेवारीत खरंच रोज रात्री पडत असतो, सकाळी गाडी शोधावी लागते. वर थंडी इतकी की बर्फ अगदी हलका आणि कोरडा, मूठ वळली तरी गोळा होत नाही. ज्यांना स्की चांगलं येतं ते या भुसभुशीत बर्फातून, बर्च झाडांच्या मधून, मांडीएवढ्या पावडरमधून खाली येतात आणि मग ते पाच स्टार देणारच, मीही देईन, तो अनुभव तसाच आहे. पण शिकाऊ माणसाला हाच बर्फ वैरी होतो. स्की आत रुततात, पडलं की उठता येत नाही, पायातून निघालेली स्की बर्फाखाली गेली तर शोधत बसा. शिकायला लागतो मशीनने दाबून सपाट केलेला उतार, आणि तो जपानातल्या बहुतेक सगळ्या रिसॉर्टला असतो, निम्म्या खर्चात. आणि मुलीला स्नोमॅन करायचा असेल तर जानेवारीतला निसेकोचा बर्फ चिकटतच नाही हेही लक्षात घ्या.

आता तक्रारी. महाग आहे ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. निसेकोत लागून असलेल्या चार रिसॉर्टचा मिळून एका दिवसाचा लिफ्ट पास आता १०,००० येनच्या वर जातो, टोकियोत हजार येनला मिळणारं रामेन (नूडल्सचं सूप) निसेकोतल्या हिराफू गावात दोन हजारांच्या वर बघितलंय, आणि जानेवारी ते चायनीज न्यू इयर या काळात खोल्यांचे भाव तर विचारूच नका. पण हे नुसतं लुटणं नाही, मागणीच तेवढी आहे. साधारण २००० सालानंतर ऑस्ट्रेलियातले लोक यायला लागले (त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते), मग हाँगकाँग, सिंगापूरचे, मग मोठी हॉटेलं, २०२० मध्ये पार्क हयात, त्यात अलीकडे येन पडल्यामुळे बाहेरच्यांना सगळं स्वस्त वाटतं आणि इथे येनमध्ये पगार घेणाऱ्यांना नाही. म्हणून एकाच हॉटेलवर ऑस्ट्रेलियातला माणूस 'वाजवी' लिहितो आणि ओसाकाचा माणूस 'अशक्य' लिहितो. रिव्ह्यू वाचताना कोण, कुठून, कुठल्या महिन्यात गेलं होतं हे आधी बघा, स्टार नंतर.

'जपान वाटतच नाही' असंही खूप जण लिहितात. तेही खरं, पण फक्त हिराफू गावापुरतं. निसेको म्हणजे एकच रिसॉर्ट नाही, १,३०८ मीटरच्या निसेको अन्नुपुरी डोंगराच्या अंगाखांद्यावर चार आहेत, ग्रँड हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी. हिराफूला बार, गर्दी, सगळीकडे इंग्रजी. अन्नुपुरीच्या बाजूला शांतता, रुंद उतार, ओन्सेनवाली (गरम पाण्याच्या झऱ्यांची) छोटी हॉटेलं, जपानी कुटुंबं. दोघांचे रिव्ह्यू 'निसेको' याच नावाखाली एकत्र वाचले तर गोंधळ उडणारच ना.

वाऱ्याबद्दल मात्र कुणी आधी नीट सांगत नाही आणि सगळ्यात जास्त चिडचिड त्यानेच होते. वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद, आणि चार भाग एकमेकांना जोडलेत ते वरूनच, म्हणजे महागडा पास घेऊन तुम्ही एकाच भागात अडकता, नाहीतर शटल बसने फिरा. जानेवारीत ऊनही फार कमी दिसतं. फोटोत समोर तो योतेई ज्वालामुखी दिसतो ना, १,८९८ मीटरचा, फुजीसारखा शंकूच्या आकाराचा, त्याच्यासाठी म्हणून गेलात तर जानेवारीत अख्खी ट्रिप संपली तरी ढगातून बाहेर येत नाही असंही होतं.

एका तक्रारीवर मात्र मला राग येतो. 'गेट बंद ठेवतात, दोरीपलीकडे जाऊ देत नाहीत, सगळी मजा घालवली' असं लिहिणारे. (रिसॉर्टच्या हद्दीला दोरी असते, आणि बाहेरच्या बर्फात जायला गेट.) तिथे हिमस्खलनात माणसं गेली म्हणून ते नियम आलेत. डोंगरावर सुरक्षा बघणारे स्की पॅट्रोलवाले पहाटे डोंगर तपासतात, रोज सकाळी हिमस्खलनाचा अंदाज निघतो, गेट उघडलं तर त्या गेटमधूनच बाहेर जायचं, दोरीखालून कधीच नाही, आणि हारु नो ताकीसारखी हिमस्खलनाची धोकादायक जागा तर कायमच बंद. उलट तिथे हद्दीबाहेर जायची अशी रीतसर सोय तरी आहे. हद्दीबाहेर अडकलात तर शोधून आणण्याचा खर्चही तुमच्याकडून घेतात. तुम्हाला आत्ता याचा संबंध नाही, पण ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना त्यात स्की धरलंय का ते बघाच, साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नसतं.

मग करायचं काय? टोकियोला येणारच असाल तर आधी गाला युझावा या स्की रिसॉर्टला एक दिवस जा. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) थेट रिसॉर्टच्या इमारतीतच थांबते, टोकियोहून जेमतेम सव्वा-दीड तास, कपड्यांपासून बुटांपर्यंत सगळं भाड्याने मिळतं. संध्याकाळी परत हॉटेलवर. तिघांपैकी कुणाला हे आवडतं आणि कुणाला थंडीच सोसत नाही हे एका दिवसात कळेल, होक्काइडोचा खर्च त्यानंतर ठरवा. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांना मी कायम हेच सांगते.

आणि निसेकोच बघायचंय असं मनात पक्कं असेल तर मार्चच्या शेवटी जा, अन्नुपुरीच्या बाजूला राहा. मुलीची परीक्षा तोपर्यंत झाली असेल तर उत्तम, भाव उतरलेले असतात, ऊन असतं, योतेई दिसतो, बर्फ ओलसर झालेला असतो म्हणजे पावडरवाले नाक मुरडतात पण शिकायला आणि स्नोमॅनला उत्तम. हिराफूचे काही उतार तर मेच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. शिवाय साधारण त्याच सुमारास टोकियोत साकुरा (चेरीचा बहर) फुलतो, दोन्ही एका ट्रिपमध्ये जमतं. टोकियोच्या हानेदा विमानतळाहून होक्काइडोच्या न्यू चितोसेला दीड तासाचं विमान, तिथून बसने अडीच तास धरा, शिनकानसेन अजून तिथपर्यंत पोचलेली नाही. गुलमर्गला गोंडोलाने वर गेल्यावर धाप लागली असेल तर इथे ती काळजी नको, निसेकोचा पायथा ३०० मीटरच्याच आसपास आहे.

शाकाहारी असाल तर किचनवाली खोली घ्या. रामेन, मिसो सूप, उदोन, बहुतेक सगळ्यात मासळीचा किंवा मांसाचा अर्क असतो, वरून दिसत नाही. जवळच्या कुच्चान गावात सुपरमार्केट आहे, तिथला बटाटा प्रसिद्ध आहे, होक्काइडोचं दूध-लोणी तर अप्रतिम, तेव्हा मसाल्याचा डबा सोबत असला की काम झालं. मांसाहारी असाल तर सेइकोमार्ट (होक्काइडोतल्या छोट्या दुकानांची साखळी) शोधा, तिथलं गरम जेवण हिराफूतल्या कुठल्याही हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं.

इंग्रजी बोलणारा इन्स्ट्रक्टर हवा असेल तर तो तिकिटाच्याही आधी बुक करा, मुलांचे क्लास लवकर भरतात. मुलीची परीक्षा कधी संपते आणि बजेट साधारण किती ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे कुठे किती रात्री राहायचं ते सांगते.