रॉड कोणत्या हातात, रील कोणत्या?

भाऊ, मासे पकडताना उजवखोरा असशील तर रॉड (गळाची काठी) उजव्या हातात धर, रील (दोरी गुंडाळायची चरखी) डाव्याने फिरव. गळ फेकायला आणि मासा खेचायला जोर लागतो, तो तगड्या हाताचा. फेकल्यावर रॉड हातातून हातात बदलावा लागला, तर दोरी ढिली राहते आणि तेवढ्यात मरळ गळ सोडून पसार. हतनूर धरणाच्या पाण्यावर माझे असे बरेच गेले. डावखोरा असशील तर सगळं उलट.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- हँडल उजवीकडे हवं म्हणून अख्खा रॉडच उलटा धरतात आणि रील मागे फिरवतात. स्पिनिंग रील रॉडच्या खालीच लटकली पाहिजे. बहुतेक स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसतं, दुकानातच बदलून घे.
- बेटकास्टिंग रीलने (रॉडच्या वर बसते ती) सुरुवात. तिचं हँडल बाजू बदलत नाही, शिवाय दोरीचा गुंता सोडवण्यात सकाळ जाते.

डावा हात आठवडाभर अडखळेल. घरी ओट्यावर बसून रिकामी रील फिरव, बायको हसली तरी. तरीही जमलंच नाही तर उजव्याने फिरव, कुणी दंड करत नाही. ड्रॅगचं (मासा ओढेल तेव्हा दोरी किती ताणाला सुटावी ते) नंतर बोलू.