बाबा बोटीवर आहेत

एकट्याने मूल वाढवणारी आई सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसली की थोड्या वेळात एक वाक्य येतंच : ‘घरात पुरुष माणूस नाही ना, मॅडम.’ मुलगा उलट उत्तरं देतो, अभ्यासाला बसत नाही, रात्री दचकून उठतो. तक्रार कुठलीही असो, कारण घरूनच ठरवून आणलेलं असतं. मेधाचंही तसंच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.) तिचा नऊ वर्षांचा ओम सर्रास खोटं बोलायला लागला होता. बाबा नसल्याचाच हा परिणाम, असं ती धरून चालली होती आणि तिची आई तर त्याबद्दल शंभर टक्के खात्रीने बोलत होती.

ओमने वर्गात सांगितलं होतं की त्याचे बाबा मर्चंट नेव्हीत कॅप्टन आहेत. बोट कधी सिंगापूरला असायची, कधी रॉटरडॅमला. एकदा वादळात सापडली होती. पोरांना मजा वाटत होती तोवर चाललं. मात्र वर्गातल्या एका मुलाचे वडील खरोखरच जहाजावर इंजिनीयर होते. त्या मुलाच्या आईने पालकसभेत मेधाला सहज विचारलं, ‘तुमचे मिस्टर कुठल्या कंपनीत आहेत हो?’ मेधाला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी वर्गात ओमचं हसं झालं. त्याने त्या मुलाला डबा फेकून मारला आणि शाळेने पालकांना बोलावून घेतलं.

ओमचे बाबा पुण्यात असतात. तो तीन वर्षांचा असताना वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीने घटस्फोट झाला. त्यांनी नंतर लग्न केलं, त्यांना आता दोन वर्षांची मुलगी आहे. सुरुवातीला एक रविवार सोडून एक रविवार भेट ठरली होती. ती हळूहळू बंद पडली. ती बंद पडल्याचं मेधाला दुःख झालं नाही, हे तिने स्वतःच सांगितलं. मला ते आवडलं. इतकं सरळ कुणी सहसा बोलत नाही.

‘त्यांना कॅप्टन कुणी केलं?’ मी विचारलं.

मेधाने आईकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, ‘लिफ्टमध्ये बायका विचारायच्या. लहान पोर कडेवर, काय सांगायचं? म्हटलं, बोटीवर असतात.’

पुढे शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर मर्चंट नेव्ही आलं. प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या नावाने मावशी सही करायची, तीही जरा पुरुषी वळणाची. ओम हे सगळं पाहत होता. घराने हाती दिलेली गोष्टच तो पुढे रेटत होता. ती टिकावी म्हणून त्याने तिच्यात बंदरं घातली, वादळं घातली. मुलाच्या बुद्धीला दाद द्यावी असंच ते काम होतं.

घरात माणसं चार. लालबागची चाळ पाडून झालेल्या इमारतीतली जागा आजींची. लोअर परळच्या ऑफिसात जाणारी मेधा, तिची अविवाहित थोरली बहीण म्हणजे ओमची मावशी, आजी आणि ओम. मामा बदलापूरला असतो, बायको-मुलांसह. आजींना हे घर घरासारखं वाटत नव्हतं. ‘खांब नाही हो घराला,’ असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी त्यांना त्यांच्याच घराबद्दल विचारलं. ‘थोरला मुलगा लहान होता तेव्हा त्याचे वडील कुठे असायचे?’

‘मुंबईला. गिरणीत.’

‘आणि तुम्ही?’

‘गावाला, संगमेश्वराकडे. मी नि सासूबाई. सासरे आधीच गेले होते.’

‘मग घरात पुरुष माणूस?’

आजी अडखळल्या नाहीत. ‘होता की! मनिऑर्डर यायची. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे. कुणी विचारलं तर सांगायला होता.’

मला वाटलं होतं आजी निरुत्तर होतील. त्यांचं उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा सरस निघालं. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं अशीच होती. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत, पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत. बायका-मुलं गावाकडे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि असंख्य घरं बायकांच्या कमाईवर उभी राहिली. तोवर लालबागला आलेल्या आजींनीही डबे केले, मेधाच्या शिक्षणाचा खर्च त्यातून निघाला. नवरा घरात, कमाई बाईची, असा तो काळ. म्हणजे आई-बाप-मुलं एका छताखाली आणि कमावता बाप, हे जे चित्र त्या माझ्यासमोर धरत होत्या, ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात थोडी वर्षंच होतं. तरी त्यांच्या घराला कुणी अर्धवट म्हटलं नाही.

याचं कारण त्यांनीच सांगितलं होतं. बाप घरात असण्यापेक्षा तो लोकांना सांगता येण्यासारखा असणं महत्त्वाचं होतं.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म धरले होते. नंतर समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाचा अभ्यास केला. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की घरं वेगळी झाली तरी पैसा, जबाबदाऱ्या, लग्नकार्यं एकत्रच चालू राहतात. नुसतं कोण कुठे राहतं यावरून एकत्र की विभक्त ठरवता येत नाही. या मोजपट्टीने ओमचा मामा बदलापुरात राहूनही लालबागच्या घरातलाच आहे. सोसायटीचा निम्मा मेंटेनन्स तो भरतो, गावच्या घराची घरपट्टी तो भरतो, गावचा गणपती सगळे मिळून करतात. डेव्हिड मॉर्गन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1996 मध्ये याहून पुढे जाऊन म्हटलं की माणसं एकमेकांसाठी रोज जे करतात, त्यातून कुटुंब घडत असतं. समाजशास्त्रज्ञ जॅनेट फिंच यांनी 2007 मध्ये त्यात भर घातली : नुसतं करून भागत नाही, हे आमचं कुटुंब आहे असं इतरांना दिसावं आणि त्यांनी ते मानावं लागतं. आजींचं ‘सांगायला होता’ हेच तर होतं.

म्हणून ओमला मी वंशवृक्ष काढायला दिला नाही. शाळेतल्या त्या झाडावर एका बाजूच्या फांद्या रिकाम्या राहतात आणि मूल खाली मान घालून बसतं. मी म्हटलं, ‘सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्यासाठी कोण काय करतं ते लिही.’ आजी डबा, मावशी अभ्यास आणि शाळेतून आणणं, आई अंघोळ आणि रात्रीची गोष्ट, व्हॅनवाले काका, रविवारी फोनवर मामा. सगळ्यात खाली त्याने ‘बाबा’ लिहिलं आणि समोर काहीच लिहिलं नाही. पेन्सिल फिरवत बसला. मग विचारलं, ‘त्यांची छोटी मुलगी माझी कोण?’

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मोठ्यांच्या फोनवरून कळलं असावं.

‘मुलावर परिणाम होईल का’ या प्रश्नाचे इथे दोन तुकडे करावे लागतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत गरजेचं आहे. घरात पुरुष नसल्याने मुलगा बिघडतो का? मानसशास्त्रज्ञ सुसान गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं एकट्या आया, समलिंगी जोडपी, शुक्राणू किंवा बीजांड देणाऱ्या दात्याच्या मदतीने झालेली मुलं अशा कुटुंबांचा अभ्यास केला. घरात पालक किती आणि ते स्त्री की पुरुष, यापेक्षा नात्यांची प्रत जास्त मोलाची ठरते, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं. आपल्या जन्माची हकीकत लहानपणीच कळलेली मुलं ती सहज पचवतात, हेही दिसलं. तेव्हा ‘पुरुष आदर्श’ म्हणून मामाला दर शनिवारी बदलापूरहून लोकलने आणायची काही गरज नव्हती. आजींनी तसं वेळापत्रकही केलं होतं. बिचारा मामा!

दुसरा तुकडा वेगळा. ओमला त्याचे वडील हवे होते. कुठलाही पुरुष नव्हे, तेच. ही उणीव खरी आहे आणि ‘अगं, काही फरक पडत नाही, आजकाल सगळ्यांकडे असंच असतं’ अशी समजूत घालणाऱ्यांचा मला राग येतो. वेगळ्या प्रकारचं कुटुंब निरोगी असतं म्हणून त्यातल्या मुलाला दुःख नसतं असं नाही. आणि खऱ्या चिंता भलत्याच ठिकाणी असतात : मेधा रात्री साडेआठला घरी पोचते, घर मुख्यतः तिच्या पगारावर चालतं, आजींचे गुडघे गेलेत आणि ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बहिणीला जागाच नाही. यावर कुणी बोलत नव्हतं. सगळे खांब शोधत होते.

कागदांचं काम त्यामानाने सोपं निघालं. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच आईलाही मुलाची नैसर्गिक पालक मानायची वाट मोकळी केली आहे. महाराष्ट्रात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. ओम त्याआधीचा, पण मेधाला धीर यायला एवढं पुरलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये चंदीगडच्या एका नर्सच्या प्रसूती रजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आई, वडील आणि मुलं हा एकच साचा धरून चालता येणार नाही. मृत्यू, घटस्फोट, पुनर्विवाह यांतून कुटुंबं बदलतात आणि वेगळ्या घडणीच्या कुटुंबांनाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. ते मेधाने मोबाइलवर मावशीला वाचून दाखवलं. मग ती शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटली, ‘वडील पुण्याला असतात, आम्ही विभक्त आहोत’ असं सांगितलं आणि तातडीच्या संपर्कासाठी मावशीचं नाव, नातं ‘मावशी’ असं लिहून आली. बाईंनी पुढच्या प्रकल्पात झाडाऐवजी ‘माझ्या घरची माणसं’ असा विषय दिला. वर्गात ओमसारखी आणखी मुलं असल्याचं त्यांना ठाऊक होतं, आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं इतकंच.

ओमला सांगायचं काम मेधाने केलं. आम्ही वाक्यं आधी ठरवली होती : आई-बाबा आता एकत्र राहत नाहीत, ते मोठ्यांनी ठरवलं, तुझ्यामुळे नाही, बोटीची गोष्ट आम्हीच सांगितली होती आणि ती खरी नव्हती. छोटी मुलगी तुझी बहीण, हेही. वडिलांशी फोनवर मी बोलले. दर बुधवारी व्हिडिओ कॉल करायचं त्यांनी कबूल केलं.

ते बुधवार कधी पाळतात, कधी नाही. कॉल चुकला की ओम दप्तर आपटतो, आजींवर ओरडतो. ‘आधी खोटं बोलायचा, पण शांत होता,’ असं आजी परवा फोनवर म्हणाल्या. तो चिडतोय ते योग्यच आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्यावर ओरडू नये हे त्याला शिकवू, पण राग गिळायला सांगू नका. पुढच्या वेळी वडिलांना मुंबईत बोलावलं आहे. तिकीट काढलं आहे, असं ते म्हणतात.