ओठावर ताप फुटला, ट्यूब लावूनही फरक का नाही?

प्रश्न : ऊन वाढलं, की माझ्या खालच्या ओठाच्या कडेला ताप फुटतो. शेतात राहिल्याशिवाय भागत नाही. मेडिकलवरून आणलेली ट्यूब आठ दिवस लावली, सब्जा-गुलकंद झालं, कुणी सांगितलं म्हणून चुनाही लावला. ओठ आणखीच चिघळला. ही पोटातली उष्णता का? गोळीनं थांबेल?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : गुलकंद खुशाल खा, पण या फोडांशी त्याचा संबंध नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू. बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दबा धरून बसतो. कडक ऊन, ताप, जागरण, पाळी असं निमित्त मिळालं, की त्याच तंतूवरून ओठावर उतरतो. म्हणून तर फोड दर वेळी जवळपास त्याच जागी येतात.

औषध विषाणूची वाढ रोखतं, झालेली जखम भरत नाही. ही वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच जोरात असते. त्यामुळे फोड दिसायची वाट पाहू नका. आदल्या दिवशी त्या जागी चुणचुण होते, खाजतं, ओठ ताणल्यासारखा वाटतो. गोळी तेव्हाच घ्यायची. मोठ्या माणसांना व्हॅलासायक्लोविर 2 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 4 गोळ्या, आणि बारा तासांनी पुन्हा 4. बस्स, एवढंच. आकडा पाहून दचकू नका, औषध एकाच दिवसाचं आहे. मात्र किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; किडनीच्या रुग्णांना मात्रा कमी करावी लागते. चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवा, कारण चुणचुण रात्री सुरू झाली तर सकाळपर्यंतची वेळ वाया जाते. वेळेवर घेतली तरी दुखणं एरवीपेक्षा साधारण एक दिवस आधी बरं होतं, इतकंच. जादूची अपेक्षा नको.

असायक्लोविरचं 5 टक्के मलम दिवसातून पाच वेळा लावावं लागतं आणि तरी त्याचा गुण गोळीपेक्षा कमीच. तुमची ट्यूब एकदा वाचून बघा. नावात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं विषाणूला मोकळं रान मिळतं. चुन्यानं तर कातडी भाजते.

शेतात जाताना एसपीएफ 30 चा लिप बाम लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, रुमाल ओठावरून बांधा. वर्षातून सहा वेळा किंवा जास्त होत असेल, तर रोजच्या कमी मात्रेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : लेक बाळंतपणाला आलीय, बाळ वीस दिवसांचं आहे. माझ्या ओठावर असेच फोड आलेत. बाळाला घेऊ का?
– एक आजी, औसा (जि. लातूर)

उत्तर : घ्या, पण हात साबणानं धुऊन, तोंडाला मास्क लावून. खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत पापा अजिबात नको. इतक्या लहान बाळाला हा विषाणू जिवावर बेततो. बाळाला ताप आला, दूध ओढेना, सुस्त वाटलं किंवा अंगावर फोड दिसला, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.