डोक्यातली गोष्ट कागदावर का उतरत नाही?

लिहिणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतं, मॅडम, कादंबरी डोक्यात पूर्ण तयार आहे पण लिहायला बसलं की सगळं फिकं पडतं, माझ्यात टॅलेंटच नाहीये का? त्यातल्या एका ताईंचा अनुभव सांगते, त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नऊ वर्षं त्या एकाच कादंबरीसोबत राहत होत्या. दोन बहिणी, एक बंद घर, जुनं भांडण. झोपण्याआधी तेच, प्रवासात तेच. आणि फाइलमध्ये काय, तर फक्त पहिलं प्रकरण, तेही सोळाव्यांदा लिहिलेलं. म्हणाल्या, लिहिलेलं वाचलं की वाटतं मीच माझी गोष्ट मारतेय.

मी म्हटलं, मला तोंडी सांगा बरं. कुलूप उघडायचा प्रसंग त्यांनी असा सांगितला की मी नोट्स घ्यायचं विसरले. पुढे म्हणाल्या, "मग मध्ये बरंच काय काय होतं आणि शेवटी धाकटी परत जाते." मध्ये काय होतं? बराच वेळ गप्प, मग हळूच, "ते मलाच माहीत नाहीये."

गोम इथेच होती. मनात असतात पाच-सहा प्रसंग आणि त्यांच्याभोवती एक दाट भावना, ती इतकी भरलेली असते की गोष्टच पूर्ण झालीये असं वाटतं. धाकटीला किल्ली कुठून मिळाली हे मनात कोणी विचारत नाही, कागद विचारतो. त्या प्रश्नाची भीती वाटली की ताई परत पहिल्या प्रकरणाकडे वळायच्या, थोडं सुधारलं की जिवाला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्यानंच सवय पक्की होत गेली. याला आळस म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आम्ही ठरवलं, पहिल्या प्रकरणाला हात लावायचा नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलंय की नुसतं 'मी करेन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते. म्हणून, मुलं झोपली की टेबलाशी बसायचं, 20 मिनिटं लिहायचं, कसंही, मागचं न वाचता, आणि अडलं तर तिथे प्रश्न लिहून पुढे जायचं. रोज 300 शब्द झाले तरी 200 दिवसांत 60,000 होतात, कादंबरीएवढे.

तिसऱ्या आठवड्यात सगळं थांबलं. लाडका कुलपाचा प्रसंग लिहिला आणि तो जेमतेम अर्धं पान झाला, कोरडा. त्या खूप रडल्या. त्या दिवशी मी लिखाणाचं नावच काढलं नाही, नऊ वर्षं जपलेलं काहीतरी हातातून गेलं होतं आणि त्याचं दुःख आधी होऊ द्यायला हवं होतं, 'रोज लिहा' एवढाच सल्ला देणारे हे विसरतात असं मला वाटतं. निघताना फक्त विचारलं, किल्ली कुठून मिळाली हे मोठी विचारेल तेव्हा धाकटी काय सांगेल?

दोन दिवसांनी मेसेज आला, "ती खोटं बोलली." त्या खोट्यातून मधला भाग हळूहळू उघडत गेला.

सध्या 31,000 शब्द झालेत. कुलपाचा प्रसंग अजून अर्ध्या पानाचाच आहे. परवा म्हणत होत्या, धाकटी बहुतेक परत जाणार नाही.